रेपुब्लिका स्रप्स्काचे निकाल कसे वाचायचे: अध्यक्षपदाच्या लीडपेक्षा 83 पैकी 42 कुठं जुळतात ते बघा

प्रश्न असा आहे की बॉस्नियातल्या रेपुब्लिका स्रप्स्कात 2014 ला मिलोराद दोदिक जेमतेम साडेसात हजार मतांनी अध्यक्ष झाले, 2022 ला विरोधी उमेदवार येलेना त्रिविच यांनी मतदानाच्या रात्रीच आपण जिंकलो असं जाहीर करून टाकलं, म्हणजे लढत घासून होतेय, मग 2006 पासून सरकार सलग एकाच पक्षाच्या, दोदिक यांच्या एसएनएसडीच्या, हातात कसं काय? घोटाळा होतो, का लोकांनाच बदल नकोय?

निवडणुकांचे आकडे वाचणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि बाल्कन हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी एक सांगतो, हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक अध्यक्षपदाचा निकाल वाचतात आणि तिथंच थांबतात. बातम्याही तेवढंच देतात, दोन चेहरे, दोन टक्केवाऱ्या, फरक किती. पण त्याच दिवशी, त्याच केंद्रावर, त्याच मतदाराने आणखी एक मतपत्रिका पेटीत टाकलेली असते, विधानसभेची, आणि खरी सत्ता तिथं ठरते. ह्या दोन निकालांमधली फट ज्याला दिसली त्याला इथलं निम्मं राजकारण कळलं असं मी म्हणेन.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1992 ते 95 चं युद्ध संपलं ते डेटन कराराने, अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई तळावर नोव्हेंबर 1995 ला बोलणी झाली आणि 14 डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या. देश एकच राहिला, बॉस्निया आणि हर्झेगोविना, पण त्याचे दोन भाग पडले, एक बॉस्नियाक (म्हणजे बॉस्नियातले मुस्लिम) आणि क्रोएट लोकांचं फेडरेशन, साधारण 51 टक्के जमीन, आणि दुसरा सर्बांचं वर्चस्व असलेला रेपुब्लिका स्रप्स्का, 49 टक्के. नंतर ब्रच्को हा छोटा जिल्हा लवादाच्या निर्णयाने वेगळा काढला. स्रप्स्काला स्वतःचा अध्यक्ष, स्वतःचं सरकार आणि 83 जागांची नॅशनल असेंब्ली आहे, आणि कारभार बान्या लुकातून चालतो. वर साराजेवोत देशाचं तीन जणांचं अध्यक्षमंडळ असतं, एक बॉस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, त्यातला सर्ब सदस्य स्रप्स्कातले मतदार निवडतात. म्हणजे सार्वत्रिक निवडणुकीत स्रप्स्कातल्या मतदाराच्या हातात चार मतपत्रिका पडतात: देशाच्या अध्यक्षमंडळाचा सर्ब सदस्य, देशाच्या संसदेचं खालचं सभागृह, स्रप्स्काचा अध्यक्ष, आणि स्रप्स्काची असेंब्ली. चारही कागदाच्या, मोजणी 2022 पर्यंत हातानं, मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सात.

आता अध्यक्ष कसा निवडतात ते बघा. एकच फेरी. पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरी नाही, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो अध्यक्ष. 2002 च्या घटनादुरुस्तीनंतर त्याच यादीतून दोन उपाध्यक्षही निघतात, अध्यक्ष ज्या समाजाचा असेल तो सोडून उरलेल्या दोन समाजांतले सगळ्यात जास्त मतं मिळवणारे. त्यामुळे अध्यक्ष सर्ब, आणि एक बॉस्नियाक व एक क्रोएट उपाध्यक्ष असं ठरूनच गेलंय. असेंब्लीचं गणित अगदी वेगळं. तिथं प्रमाणशीर पद्धत, 63 जागा नऊ मतदारसंघांतून आणि 20 जागा भरपाईच्या, म्हणजे एखाद्या पक्षाला मतांच्या मानानं जागा कमी पडल्या तर तिथून भरून निघतात. उंबरठा फक्त तीन टक्के. म्हणजे अध्यक्षपदाची पद्धत लोकांना दोन गटांत ढकलते आणि असेंब्लीची पद्धत छोट्या छोट्या पक्षांना जगवते. आपल्याकडे नगराध्यक्ष थेट जनतेतून आणि नगरसेवक वॉर्डातून निवडले की नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असं होतं ना, तशीच शक्यता तिथं कायम टांगलेली असते, फरक एवढाच की तिथं प्रश्न गटाराच्या टेंडरचा नसतो, देश एकत्र राहणार का नाही असा असतो.

83 चं निम्मं साडेएकेचाळीस, म्हणून जादुई आकडा 42. हा आकडा डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पहिली निवडणूक 14 सप्टेंबर 1996. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, निवडणूक घेतली ती युरोपातल्या ओएससीई ह्या संघटनेनं. युद्धकाळातले सर्ब नेते रादोवान काराजिच यांच्यावर युद्धगुन्ह्यांचा आरोप होता, जुलै 1996 ला अमेरिकन मुत्सद्दी रिचर्ड होलब्रुक यांनी मध्यस्थी करून त्यांना पदं सोडायला लावली, आणि काराजिच यांच्या एसडीएस ह्या सर्ब राष्ट्रवादी पक्षाकडून बिल्याना प्लावशिच अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या आणि आरामात निवडून आल्या. असेंब्लीत एसडीएसला 45. म्हणजे अध्यक्षही त्यांचा आणि 42 चा आकडाही त्यांच्या एकट्याच्या खिशात. त्यानंतर स्रप्स्कात कुठल्याही पक्षाला एकट्याच्या बळावर 42 गाठता आलेले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यानंतरचं सगळं राजकारण टेकू शोधण्याचं राजकारण आहे.

पण ह्या 1996 च्या निकालाबद्दल अजून एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मत कुणी दिलं ह्यापेक्षा कुणाला देता आलं नाही हे तिथं जास्त मोठं आहे. प्रियेदोर घ्या. 1991 च्या जनगणनेत त्या तालुक्यात मुस्लिम जवळजवळ 44 टक्के आणि सर्ब 42 टक्के होते. 1992 ला सर्ब बाजूनं ओमार्स्कासारख्या कैद्यांच्या छावण्या लावल्या, मुस्लिम माणसं मारली, उरलेली हाकलली. स्रेब्रेनित्सात युद्धाआधी चारातले तीन मुस्लिम, आणि जुलै 1995 ला तिथं नरसंहार झाला. अशा जागी वर्षभरात निवडणूक घेतली आणि विस्थापितांसाठी पी-2 नावाचा एक फॉर्म काढला, की तुम्हाला पुढं जिथं राहायचंय तिथं मत नोंदवा. कागदावर हे उदार वाटतं. प्रत्यक्षात सर्ब निर्वासितांची नावं मोठ्या प्रमाणावर अशा मोक्याच्या गावांत नोंदवली गेली जिथून मुस्लिमांना हाकललं होतं. प्रकार इतका उघड झाला की ऑगस्टच्या शेवटी ओएससीईला स्थानिक निवडणुका पुढं ढकलाव्या लागल्या, त्या झाल्या 1997 ला. अध्यक्षपदाची आणि असेंब्लीची मात्र ठरल्या दिवशीच घेतली. त्या असेंब्लीत बॉस्नियाक पक्ष एसडीएला 14 जागा मिळाल्या त्या मुख्यतः बाहेर बसलेल्या, घर सोडून गेलेल्या लोकांच्या मतांवर. ह्या 14 जागांकडे मी जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा मला वाटतं की ह्या निकालातला सगळ्यात खरा आकडा हा आहे, बाकी सगळ्यावर बंदुकीची सावली आहे.

पुढची गंमत नाही म्हणणार, पण उलथापालथ मोठी झाली. प्लावशिच आणि पाले ह्या साराजेवोजवळच्या गावात बसलेला जुना एसडीएस गट ह्यांचं फाटलं, प्लावशिच यांनी 1997 च्या जुलैत असेंब्ली बरखास्त केली, नोव्हेंबरमध्ये मध्यावधी झाली. निकाल: एसडीएस 24, बॉस्नियाक बाजूची आघाडी 16, प्लावशिच यांचा नवा पक्ष 15, कट्टर सर्ब राष्ट्रवादी रॅडिकल पक्ष 15, सोशलिस्ट 9, आणि दोन जागांवर एक छोटा सोशल डेमोक्रॅट पक्ष, त्याचा नेता मिलोराद दोदिक. जानेवारी 1998 ला हेच दोदिक 42 मतांवर पंतप्रधान झाले. अगदी मोजून 42. आणि त्यातला मोठा वाटा बॉस्नियाक बाजूच्या आघाडीचा होता, तो नसता तर ते पंतप्रधान होऊच शकले नसते. तेव्हा पाश्चात्त्य देशांचे ते लाडके होते, सुधारणावादी सर्ब नेता म्हणून. आज स्रप्स्का वेगळा काढण्याची भाषा करणारे दोदिक ज्यांना माहीत आहेत त्यांना हे वाचून धक्का बसतो, पण रेकॉर्डवर आहे.

1998 चा सप्टेंबर तर अभ्यासाला घ्यावा असा. अध्यक्षपदाला रॅडिकल पक्षाचे निकोला पोप्लाशेन जिंकले, प्लावशिच हरल्या. पण असेंब्लीत दोदिक यांच्या बाजूचा गट टिकून होता. म्हणजे डोकं एका बाजूचं आणि धड दुसऱ्या बाजूचं. पंतप्रधानपदाचा उमेदवार सुचवण्याचा अधिकार अध्यक्षाचा, आणि पोप्लाशेन दोदिक यांचं नाव द्यायला तयार होईनात, दुसऱ्या कुणाला असेंब्ली मान्य करेना. महिने गेले. शेवटी 5 मार्च 1999 ला आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी (डेटन करार राबवून घ्यायला नेमलेला बाहेरचा अधिकारी) कार्लोस वेस्तेनदॉर्प यांनी निवडून आलेल्या अध्यक्षालाच पदावरून काढून टाकलं, त्याच दिवशी ब्रच्कोचा लवादाचा निकालही आला. निवडून आलेल्या माणसाला बाहेरच्या अधिकाऱ्यानं काढणं हे लोकशाहीत बसतं का, हा प्रश्न सर्ब लोकांच्या मनात तेव्हापासून आहे आणि तो रास्त आहे असं मला वाटतं, पोप्लाशेन यांचं राजकारण कितीही घातक असलं तरी. ह्या प्रश्नावरच पुढं दोदिक यांनी आपलं सगळं राजकारण उभं केलं. 2004 ला तेव्हाचे उच्च प्रतिनिधी पॅडी अॅशडाऊन यांनी एका झटक्यात साठेक अधिकारी आणि नेते हटवले, त्याचा फटका एसडीएसला बसला आणि फायदा शेवटी कुणाला झाला ते पुढं दिसतंच.

2000 ला मिर्को शारोविच, 2002 ला द्रागान चाविच, दोघं एसडीएसचे, अध्यक्ष झाले. चाविच तर 36 टक्क्यांच्या आसपास मतांवर, एकाच फेरीची पद्धत असली की असं होतं. पण असेंब्लीत बघा काय चाललं होतं: दोदिक यांचा पक्ष एसएनएसडी 1997 ला 2, 1998 ला 6, 2000 ला 11, 2002 ला 19. हळूहळू चढतोय, आणि अध्यक्षपदाच्या बातम्यांत ते कुठंच दिसत नव्हतं. 2006 च्या जानेवारीत सरकार पडलं आणि फेब्रुवारीत दोदिक निवडणुकीआधीच पंतप्रधान झाले. मेमध्ये मॉन्टेनेग्रोनं सार्वमत घेऊन सर्बियापासून फारकत घेतली, तिकडे साराजेवोत देशाच्या घटनादुरुस्तीचं पॅकेज एप्रिलमध्ये दोन मतांनी पडलं होतं आणि बॉस्नियाक नेते हारिस सिलाजिच स्रप्स्का हे अस्तित्वच चुकीच्या पायावर उभं आहे असा प्रचार करत होते. दोदिक यांनी लगेच पकडलं, तुम्ही असं म्हणता तर आम्हीही सार्वमत घेऊ. ऑक्टोबर 2006 ला एसएनएसडी 41 वर गेला. 19 वरून 41, बहुमताला एक कमी. अध्यक्षपदही त्यांच्याच मिलान येलिच यांनी घेतलं, ते वर्षभरात हृदयविकारानं गेले आणि डिसेंबर 2007 च्या पोटनिवडणुकीत त्याच पक्षाचे राइको कुझमानोविच आले. 2010 ला दोदिक स्वतः अध्यक्षपदाला उभे राहून पहिल्या झटक्यात पन्नास टक्क्यांच्या वर गेले, असेंब्लीत पक्ष 37 वर उतरला. हे 37 तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही.

आता मूळ प्रश्नातलं 2014. हा निकाल मी शिकवायला वापरतो कारण त्यात सगळं आहे. 12 ऑक्टोबर 2014, मे महिन्यात महापूर येऊन गेलेला, दोबोयसारखी गावं पाण्याखाली गेलेली, लोकांचा राग होता. विरोधकांनी एकत्र येऊन एकेका पदाला एकच उमेदवार दिला. स्रप्स्काच्या अध्यक्षपदाला दोदिक 45.4 टक्के आणि एसडीएसचे ओग्न्येन तादिच 44.3 टक्के, फरक साडेसात हजारांचा. देशाच्या अध्यक्षमंडळावर विरोधकांचे म्लादेन इवानिच जिंकले, त्यांनी एसएनएसडीच्या झेल्का त्स्वियानोविच यांना जवळपास तेवढ्याच फरकानं हरवलं. म्हणजे त्याच मतदारांनी, त्याच दिवशी, एका मतपत्रिकेवर सत्ताधारी आणि दुसरीवर विरोधक निवडला. आणि असेंब्ली? एसएनएसडी 29, एसडीएस 24, डीएनएस 8, पीडीपी 7, एनडीपी 5, सोशलिस्ट 5, आणि बॉस्नियाक पक्षांची आघाडी दोमोविना 5. करा बेरीज. एसएनएसडी, डीएनएस आणि सोशलिस्ट मिळून 42. दुसरीकडे एसडीएस, पीडीपी, एनडीपी मिळून 36, आणि दोमोविनाचे 5 धरले तर 41.

42 आणि 41. एका जागेनं. माझ्या मते त्या रात्री स्रप्स्काचा पुढच्या दहा वर्षांचा इतिहास ह्या एका जागेवर ठरला आणि बाहेरच्या जगात चर्चा मात्र चालली होती ती साडेसात हजार मतांची. समजा ते साडेसात हजार उलटे पडले असते, तादिच अध्यक्ष झाले असते, तरी पंतप्रधान कुणाचा? 42 तर तिकडेच होते. अध्यक्ष नाव सुचवू शकतो, मंजूर असेंब्ली करते, आणि 1998 ला काय झालं ते आपण वर बघितलंच. शिवाय विरोधकांना 41 गाठायलाही दोमोविना लागत होती, आणि सर्ब राष्ट्रवादी पक्षाने बॉस्नियाक आमदारांच्या पाठिंब्यावर सरकार बनवणं हे 1998 पेक्षा 2014 ला कितीतरी अवघड झालं होतं, कारण मधल्या काळात प्रचाराची सगळी भाषाच 'आम्ही की ते' अशी झाली होती. जो रस्ता वापरून दोदिक वर आले तो रस्ता त्यांच्याच राजकारणाने मागून येणाऱ्यांसाठी बंद झाला. हे मला ह्या सगळ्यातलं सगळ्यात दुःखद वाटतं.

2018 ला त्स्वियानोविच 47 टक्क्यांवर अध्यक्ष, समोर एसडीएसचे वुकोता गोवेदारित्सा जवळपास 42 टक्के, आणि दोदिक देशाच्या अध्यक्षमंडळावर गेले, इवानिच यांना चांगलं हरवून. असेंब्लीत एसएनएसडी 28, पण साथीदार डीएनएस 12 वर गेला. पुढं 2020 ला डीएनएस आणि एसएनएसडीचं बिनसलं, पक्ष आघाडीतून बाहेर पडला, आणि बरेचसे आमदार मात्र पक्ष सोडून सत्तेबरोबरच राहिले, असेंब्लीचे अध्यक्ष नेदेल्को चुब्रिलोविच यांनी नवा पक्षच काढला. आपल्याकडच्या वाचकांना हे समजवायला लागणार नाही, आमदार पक्षाचा नसतो तर सत्तेचा असतो अशी वेळ आली की छोट्या पक्षांच्या जागा निकालाच्या रात्री कुठल्या रकान्यात टाकायच्या हेच कळेनासं होतं. म्हणून मी स्रप्स्काच्या निकालात छोट्या पक्षांचे आकडे कधीच विरोधकांत धरत नाही, फार तर 'अजून ठरलेलं नाही' असं लिहितो.

आता 2022. 2 ऑक्टोबरची रात्र. त्रिविच पीडीपीच्या, प्राध्यापक, भ्रष्टाचाराविरुद्ध जोरदार प्रचार केलेला, रात्री त्यांनी विजय जाहीर केला. एसएनएसडीनंही आपला विजय जाहीर केला. आयोगाचे आकडे दोदिक पुढं दाखवत होते. लोक बान्या लुकात रस्त्यावर उतरले, मतं चोरली म्हणून. 10 ऑक्टोबरला केंद्रीय निवडणूक आयोगानं स्रप्स्काच्या अध्यक्षपदाच्या सगळ्या मतपत्रिका परत मोजायचा आदेश दिला, दोन हजारांहून जास्त केंद्रांच्या सीलबंद गोण्या मोजणीसाठी उघडल्या गेल्या. ऑक्टोबर संपता संपता निकाल कायम झाला, दोदिक 47 टक्के, त्रिविच जवळपास 43, फरक सुमारे 27 हजारांचा. अनियमितता आयोगालाही सापडल्या, निकाल फिरेल एवढ्या नाहीत असं त्यांचं म्हणणं.

घोटाळा होतो का, ह्याचं उत्तर इथं द्यायला हवं. होतो, पण तुम्हाला वाटतो त्या जागी नाही. मोजणीच्या रात्री वरून कुणी आकडा बदलतं असं चित्र लोकांच्या डोक्यात असतं. खरा प्रकार मतदान केंद्राच्या टेबलावर होतो. केंद्रावर तीन किंवा पाच जणांची समिती असते, आणि तिच्यात माणसं बसवायचा हक्क निवडणूक लढवणाऱ्या पक्षांना आणि उमेदवारांना मिळतो, चिठ्ठ्या टाकून. आता अध्यक्षपदाची मतपत्रिका बघा, लांबलचक यादी, त्यातल्या बऱ्याच नावांना काहीशे मतं पडतात. ही माणसं उभी का राहतात? त्यातली काही प्रामाणिक असतील, पण ओएससीईच्या निरीक्षकांनी आपल्या अहवालांत परत परत लिहिलंय की अनेक नाममात्र पक्ष आणि उमेदवार फक्त समितीतल्या खुर्च्या मिळवायला नोंदवले जातात आणि मग त्या खुर्च्या मोठ्या पक्षांना दिल्या-घेतल्या जातात. म्हणजे कागदावर पाच वेगवेगळ्या पक्षांचे पाच जण, प्रत्यक्षात पाचही एकाच घरचे. असं टेबल जुळलं की जो मतदार आलाच नाही त्याच्या नावापुढं सही, कोऱ्या राहिलेल्या मतपत्रिकेवर खूण, विरोधकाच्या मतावर दुसरी खूण करून ते बाद, हे सगळं शक्य होतं, आणि परत मोजून ते सापडत नाही कारण गोणीतलं आणि फॉर्मवरचं जुळलेलंच असतं. म्हणून फेरमोजणीत निकाल कायम राहिला म्हणजे सगळं स्वच्छ होतं असं समजू नका, आणि उलट केंद्रांवर गडबड झाली म्हणजे 27 हजारांचा सगळा फरक खोटा असंही धरता येत नाही. दोन्ही बाजूंचे लोक इथं घाई करतात. उच्च प्रतिनिधी क्रिस्टियान श्मिट यांनी मार्च 2024 ला निवडणूक कायद्यात बदल लादले ते नेमके ह्याच दुखण्यावर, समित्यांची रचना, बोटांच्या ठशांनी मतदाराची ओळख, मतपत्रिका स्कॅन करणं. 2024 च्या स्थानिक निवडणुकीत काही ठिकाणी त्याची चाचणी झाली.

शिवाय दबाव हा वेगळा भाग, सरकारी नोकऱ्या आणि सरकारी कंपन्या हाच मोठा रोजगार असलेल्या भागात मत कुणाला हे घरात बोलतानाही लोक जपून बोलतात, निरीक्षकांच्या अहवालांत सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या दबावाचा उल्लेख सारखा येतो. हा दबाव अध्यक्षपदापेक्षा असेंब्लीच्या मतावर जास्त चालतो असं माझं मत आहे, कारण असेंब्लीचा उमेदवार गावातला, ओळखीचा, नोकरी लावून देणारा असतो.

पण समजा 2022 ला त्रिविच खरंच जिंकल्या असत्या. असेंब्ली बघा: एसएनएसडी 29, एसडीएस 13, पीडीपी 8. दोन मुख्य विरोधी पक्ष मिळून 21. त्रिविच यांना जवळपास 43 टक्के मतं आणि त्यांच्या मागच्या दोन पक्षांना मिळून असेंब्लीत पंचवीस टक्के. ही मधली अठरा टक्के माणसं कोण? दोदिक नकोत म्हणून अध्यक्षपदाला त्रिविच यांना मत देणारी आणि असेंब्लीला आपल्या गावातल्या छोट्या पक्षाच्या माणसाला मत देणारी. त्यातले कितीतरी छोटे पक्ष दुसऱ्या दिवशी सत्तेच्या दारात उभे. म्हणजे मतदाराने एका हाताने सत्ता नाकारली आणि दुसऱ्या हाताने तिलाच टेकू दिला, आणि त्याला बहुतेक वेळा ते कळलंही नाही. विरोधक दर वेळी जवळ येऊन का हरतात ह्याचं माझं उत्तर हेच आहे, ते चांगला चेहरा शोधतात, चार वर्षं त्यावर खर्च करतात, आणि गावोगावी असेंब्लीच्या यादीत कोण आहे ह्याकडे दुर्लक्ष करतात. दोदिक 1997 पासून उलटं करत आलेत.

उपाध्यक्षांचे आकडेही जाता जाता बघा, ते कुणी बघत नाही. 2013 च्या जनगणनेत स्रप्स्कात बॉस्नियाक सुमारे 14 टक्के, 1 लाख 71 हजार. आणि 2014 ला बॉस्नियाक उपाध्यक्ष रामिझ सालकिच निवडून आले ते पंचवीस हजाराच्या आत मतांवर. 2022 ला स्रेब्रेनित्साचे माजी महापौर चामिल दुराकोविच आले, त्याहून कमी मतांवर. क्रोएट उपाध्यक्ष तर काही हजारांत निघतो. काही बॉस्नियाक मतदार मुद्दाम सर्ब विरोधी उमेदवाराला मत देतात, मत वाया जाऊ नये म्हणून, पण मुख्य कारण ते नाही. कागदावर परत आलेली बरीच माणसं प्रत्यक्षात परदेशात राहतात, आणि जी खरंच गावात परतली त्यांना ह्या पदाकडून कसलीच आशा नाही, उपाध्यक्षाला बान्या लुकात ऑफिस असतं, अधिकार नसतात. प्रियेदोर किंवा ज्वोर्निकजवळच्या एखाद्या परतलेल्या कुटुंबासाठी शाळेत मुलांच्या भाषेला बॉस्नियन म्हणायचं का नाही हा रोजचा प्रश्न आहे, आणि त्यावर अध्यक्षपदाच्या निकालाने आजवर काडीचा फरक पडलेला नाही.

2025 बद्दल विचारणार म्हणून लिहितो. दोदिक यांनी उच्च प्रतिनिधीचे निर्णय लागू होऊ नयेत अशा कायद्यांवर 2023 ला सह्या केल्या, त्या खटल्यात 26 फेब्रुवारी 2025 ला एक वर्ष कैद आणि सहा वर्षं राजकीय पदाची बंदी अशी शिक्षा झाली, 1 ऑगस्टला अपिलात कायम झाली, आणि आयोगानं त्यांचं अध्यक्षपद काढून घेतलं. 23 नोव्हेंबरला फक्त अध्यक्षपदासाठी मुदतपूर्व निवडणूक झाली, एसएनएसडीचे सिनिशा कारान विरुद्ध एसडीएसचे ब्रांको ब्लानुशा. मतदान फार कमी, पहिल्या मोजणीत कारान दोनेक टक्क्यांनी पुढं, आणि मग डिसेंबरमध्ये आयोगानं शंभरावर केंद्रांवरचं मतदान रद्द करून ते परत घ्यायला सांगितलं. ह्या निवडणुकीवर खूप लिहिलं गेलं, दोदिकपर्व संपलं का वगैरे. माझ्या दृष्टीनं तिच्यात एक गोष्ट नव्हतीच, असेंब्ली. 83 च्या 83 जागा 2022 च्याच होत्या, सरकार त्याच पक्षाचं, आणि नव्या अध्यक्षाची मुदत ऑक्टोबर 2026 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंतच. विरोधकांना तिच्यातून कळलं ते एवढंच की दोदिक स्वतः मतपत्रिकेवर नसले तरी त्यांच्या पक्षाचा माणूस निम्म्याच्या आसपास मतं घेतो, आणि एसडीएसनं एकत्र बांधलेला उमेदवारही जवळपास तेवढीच घेतो.

म्हणून पुढच्या सार्वत्रिक निकालाच्या रात्री अध्यक्षपदाचे आकडे आले की ते बघा, पण लगेच मत बनवू नका, त्यांत परदेशातली टपाली मतं नंतर मिसळतात. असेंब्लीचा तक्ता उघडा आणि आधी एसएनएसडी 30 च्या वर आहे का 25 च्या खाली गेलाय ते बघा. 25 च्या खाली गेला तर छोटे पक्ष पहिल्यांदाच दुसरीकडे बघायला लागतील. मग एसडीएस आणि पीडीपी मिळून 30 पार करतात का, आणि डीएनएस, सोशलिस्ट, चुब्रिलोविच यांचा पक्ष ह्यांच्या किती जागा, कारण 42 तिथूनच येणार. बॉस्नियाक आघाडीच्या चार-पाच जागा वेगळ्या लिहून ठेवा, बेरीज 38-39 वर अडकली तर सगळा खेळ त्यांच्यावर येईल आणि तेव्हा सर्ब विरोधकांना ठरवावं लागेल की 1998 ला दोदिक यांनी जे केलं ते करायची आपली तयारी आहे का.